बारीक रवा

विनीचा फोटो अजून का धुतला नाही याची विद्याधरकडे रोज नवी कारणं असत. विनी ती सगळी ऐकून घेई आणि शेवटी एवढंच विचारी, "मग उद्या?"

मरोळच्या गावठाणात ॲम्ब्रोज परेरांच्या घराची मागची खोली विद्याधरनं भाड्यानं घेतली होती. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली होती. आईवडील, थोरला भाऊ, वहिनी सगळी मुलुंडला. मुलुंडहून रोजचं जाणं-येणं झेपत नाही असं त्यानं घरी सांगितलं होतं, आणि ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की परेरांच्या त्या खोलीला लागून भाताची एक कोठी होती आणि तिला खिडकी नव्हती. दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत गोणपाट कोंबलं, की आत स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे. फोटो धुण्याचा नाद लागलेल्या माणसाला याहून चांगली जागा मुलुंडच्या दोन खोल्यांत कुठून मिळणार? परेरांची शेती कमी होत गेली तशी कोठी रिकामी पडली होती. विद्याधरनं तिथं टेबल, ट्रे आणि पत्र्याच्या डब्यांतून स्वतः जमवलेलं, फोटो मोठा करायचं एन्लार्जर मांडलं. फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या आंबूस वासाखाली जुन्या भाताचा वास मात्र कधी गेला नाही.

विनी ही परेरांची धाकटी. सोळा वर्षांची, एस.एस.सी.च्या वर्गात. तो आत असला की दार उघडायचं नाही एवढं तिला पक्कं ठाऊक झालं होतं, म्हणून ती आपल्या 'प्रोफेसर'शी दाराबाहेर उंबऱ्यावर बसून बोले. आत अंधारात त्याचे हात चालत आणि बाहेरून शाळेतल्या बाईंच्या नकला, शेजारणीची भांडणं, चर्चच्या गायकवृंदात कोण बेसूर गातं, हे सगळं फटीतून आत येत राही.

तिचा तो फोटो निघाला पंचावन्न सालच्या फेब्रुवारीत, मॉनिकाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मॉनिका थोरली, वांद्र्याला दिली. त्यांच्यात रीत अशी, की लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालतात. त्याला म्हणतात उंबराचं पाणी. चर्चमधले फोटो काढायला अंधेरी स्टेशनाजवळचा स्टुडिओवाला येणार होता. विहिरीवर यायला तो तयार नव्हता, म्हणून अँजेलिनामावशींनी, म्हणजे मुलींच्या आईनं, आपल्या भाडेकरूला गळ घातली.

विनी त्या दिवशी हट्टानं आजीचं लाल चौकड्यांचं लुगडं नेसली होती. एरवी फ्रॉकात वावरणारी पोर, एका हातानं निऱ्या सावरत आणि दुसऱ्या हातानं कमरेवरची पितळी कळशी सांभाळत बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली आणि विहिरीच्या कठड्याशी, जांभळीच्या सावलीत उभी राहिली.

"प्रोफेसर, माझा एकटीचा काढ."

"रोल संपत आलाय. नवरीसाठी ठेवलाय."

"नवरीचे उद्या शंभर निघतील. माझा कोण काढणार? काढ ना रे."

"मग हलू नकोस. सावलीत आहेस तू."

"मी कशाला हलतेय? बघ, पुतळा झालेय."

त्यानं बटण दाबलं.

"आला?"

"आला," विद्याधर म्हणाला.

बँड सुरू झाला, ती पळाली. विद्याधरनं रोल गुंडाळून डबीत ठेवला, आणि तिथून पुढे ती डबी त्याच्या फडताळात पडून राहिली.

त्याचं कारण त्याच्या दृष्टीनं अगदी रास्त होतं. त्याच्याकडचं मेटॉल जुनं होऊन तपकिरी पडलं होतं. मेटॉल म्हणजे फिल्म धुण्याच्या औषधातलं मुख्य रसायन. तेव्हा ते बाहेरून येई आणि फोर्टातला दुकानदार दर शनिवारी 'पुढल्या शनिवारी' म्हणे. तपकिरी मेटॉलनं काम झालं नसतं असं नाही. पण विद्याधरला नुसतं काम व्हायला नको होतं. फोटो मोठा केला की त्यात कण दिसू लागतात, ते त्याला खपत नसे. तो वर्षभर त्या कणांच्या मागे लागला होता.

"स्टेशनाजवळच्या स्टुडिओत दे ना," विनी म्हणाली. "तो दोन दिवसांत देतो."

विद्याधरनं तिला त्या स्टुडिओत धुऊन मोठा केलेला एक फोटो काढून दाखवला. "हा गाल बघ. रवा सांडल्यासारखा दिसतो की नाही?"

तिनं फोटो नाकाशी धरला, मग हात लांब करून बघितला. "दिसतो. पण माणूस कळतोय की."

"तुझा असा यायला नको."

"मला रवा चालतो," विनी म्हणाली. "तुझ्या औषधाला काय, पोप आशीर्वाद देणार आहे?"

मेटॉल अखेर मार्चच्या शेवटी आलं. विनीची परीक्षा नुकतीच संपली होती. विद्याधरनं ठरवलं, आधी एका साध्या फिल्मवर चाचणी घ्यायची, मग हा रोल. कारखान्यात काम वाढलं होतं, चाचणी राहिली. "ईस्टरला देतो," त्यानं तिला सांगितलं. "नक्की."

गुड फ्रायडेला डोकं दुखतं म्हणून विनी चर्चला गेली नाही. शनिवारी ताप चढला. ईस्टरच्या सकाळी तिची मान वळेना, तेव्हा तिला हॉस्पिटलात हलवलं. मेंदूच्या आवरणाला सूज आली आहे, फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. मंगळवारी ती गेली.

दफनाला सगळं गावठाण लोटलं. विद्याधर कबरस्तानाच्या भिंतीशी उभा राहिला. मुठीनं माती टाकायची असते हे त्याला माहीत नव्हतं. मॉनिकाच्या नवऱ्यानं त्याला हाताला धरून पुढे नेलं.

चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर अँजेलिनामावशी त्याच्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"विद्याधर, तिचा फोटो आहे ना तुझ्याकडे?"

लग्नाच्या ग्रुप फोटोत विनी होती, पण एका लठ्ठ मामाच्या हॅटमागे. दिसत होता तो एक कान आणि केसांतली रिबन. दुसरा फोटो घरात नव्हता. कॅमेऱ्यासमोर गप्प उभं राहण्याइतका वेळ तिला कधी मिळालाच नव्हता.

"आहे," विद्याधर म्हणाला. "एक आहे."

"मोठा करून दे. जमेल तेवढा मोठा. त्यांच्यासाठी."

'त्यांच्यासाठी' म्हणजे ॲम्ब्रोजकाकांसाठी. काका परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. हाताखालून लोखंडाचा केसभर फरक निसटू न देणारा माणूस. काचबिंदूनं त्यांचे डोळे खाल्ले होते. कडेचं दिसणं गेलं होतं, मधलं तेवढं उरलं होतं, तेही नळीतून बघितल्यासारखं. वर्तमानपत्राचे मथळे ते शिंगाच्या मुठीचं भिंग धरून एकेक अक्षर वाचत. लहान फोटो हातात दिला तर त्यांना तो काळा कागद वाटे. मोठा असला तर उजेडाला धरून, भिंग तुकड्या-तुकड्यानं सरकवत ते तो पुरा बघून काढत. उरलेलंही जाणार असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. कधी, ते सांगितलं नव्हतं.

महिन्याच्या मिस्सेला फोटो भिंतीवर हवा होता. काकांचा भाऊ अल्फान्सो सुतारकाम करी. त्यानं सागवानी चौकट करायला घेतलीसुद्धा, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या मापाची.

विद्याधरनं हिशेब केला. फिल्मवर विनीचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा असणार. सबंध विनी चौकटीच्या मापाची करायची तर फिल्मचा बारीकसारीक दोष तितक्याच पटींनी मोठा होणार. आणि फिल्म एकदाच धुता येते. एकदा औषधात बुडाली की जे झालं ते झालं.

इथं त्याला पहिल्यांदा आपल्या विद्येची भीती वाटली. फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं बनलेलं असतं. औषधात सोडियम सल्फाइट भरपूर घातलं, तर ते प्रत्येक कणाची कड थोडीशी विरघळवतं. कण बारीक होतात, गाल गुळगुळीत येतो. पण कड विरघळते ती नुसती कणाची नसते; पापणीचा केस जिथं संपतो आणि कातडी जिथं सुरू होते, ती रेघही तिच्याबरोबर मऊ पडते. औषध पाण्यानं पातळ केलं, सल्फाइट कमी ठेवलं, तर रेघा धारदार येतात आणि सोबत रवाही येतो. पुस्तकात याचे तक्ते होते. पण कोणाच्या चेहऱ्यासाठी किती, हे कुठल्या तक्त्यात असणार?

म्हणून त्यानं चाचणी घ्यायची ठरवली, आणि ती नीट घ्यायची ठरवली. तीच फिल्म, तोच कॅमेरा, तीच विहीर, तीच सकाळची वेळ, तेच लुगडं. फक्त माणूस दुसरं. मॉनिका माहेरी आलेली होती. तिला विचारताना त्याची जीभ अडखळली.

"म्हणजे मी विनी होऊन उभी राहू?" मॉनिका म्हणाली.

"चेहऱ्याची ठेवण सारखी आहे. रंगही. दुसऱ्या कोणाला उभं केलं तर…"

"कळलं रे. नेसते."

जांभळीची सावली फेब्रुवारीतल्यासारखीच पडली होती. कठड्याशी कोणी नव्हतं. मॉनिका कळशी कमरेवर घेऊन उभी राहिली आणि विद्याधर अंतर मोजत होता, तेवढ्यात वाटेवरून अँजेलिनामावशी येताना दिसल्या. लाल लुगडं आणि कळशी बघून त्या जागच्या जागी थांबल्या. घागर त्यांच्या हातातच होती. मॉनिका घाबरून पदर सोडवायला लागली.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. घागर खाली ठेवून त्या जवळ आल्या आणि लेकीचा पदर खांद्यावरून काढून कमरेत खोचला. "तिनं असा खोचलेला. आणि कळशी डावीकडे. डावखुरी होती ना ती." मग त्यांनी मॉनिकाची हनुवटी दोन बोटांनी जराशी वर केली. "हं. अशी. आता काढ."

मॉनिका हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं तरी तिनं ते पुसलं नाही. विद्याधरनं सगळा रोल तसाच संपवला.

त्या फिल्मचे त्यानं अंधारात तीन तुकडे केले आणि तीन औषधांत धुतले. तिन्हींतून मॉनिकाचा नुसता चेहरा मोठा केला आणि ते तीन कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर मावशींसमोर ठेवले.

पहिला भरपूर सल्फाइटचा. गाल साईसारखे. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "देवळातल्या मूर्तीसारखी दिसते. पापण्या कुठायत?"

दुसरा पातळ औषधाचा. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. गालावरची ओली रेघही होती. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. "हिला देवी आल्यात का रे?"

"तो रवा आहे, मावशी."

"रवा." त्यांनी शब्द नुसता उच्चारला. दाराबाहेर बसून विनीनं तो किती वेळा वापरला होता, ते त्या दोघांनाही आठवत असणार.

तिसरा मधला. नेहमीचं औषध, निम्मं पाणी. कण होते, पण शोधले तर दिसणारे. पापण्या होत्या, पण टोचत नव्हत्या.

"ह्यात माझी पोर दिसते," मावशी म्हणाल्या. "ह्यानं धू."

रविवारी घरची माणसं मिस्सेहून आल्यावर विद्याधर कोठीत शिरला. दार लावलं, गोणपाट कोंबलं, डबीतून रोल काढून चाचपडत फिल्म धुण्याच्या बंद टाकीच्या रिळावर चढवला. हात सरावाचे होते. बाहेर उंबऱ्यावर कोणी बोलत नव्हतं. टाकीचं झाकण बसल्यावर त्यानं दिवा लावला, मधलं औषध ओतलं, थर्मामीटर बघत टाकी हलवत राहिला. कारखान्यातसुद्धा तो इतक्या निगुतीनं काही करत नसे.

हायपो ओतून काढल्यावर त्यानं ओली फिल्म दिव्यासमोर धरली. विहीर होती, बँडवाले होते, नवरीची ओढणी होती. शेवटच्या चौकोनात कळशी घेतलेली एक आकृती. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं होतं, पण उजेड बरोबर बसला होता, कुठं फिकं नाही, कुठं गच्च नाही. त्याच्या छातीवरचा दगड उतरला.

"आहे," त्यानं दार उघडून सांगितलं. मावशी आणि मॉनिका अंगणातच उभ्या होत्या. "वाळू दे. दुपारी मोठा करतो."

दुपारी त्यानं फिल्म एन्लार्जरमध्ये सरकवली. टेबलावर विनी उतरली, चौकटीच्या मापाची. त्यानं बांगड्यांवर नेम धरून भिंग फिरवलं. एकेक बांगडी सुटी झाली. लुगड्याचा चौकडा दोऱ्यासकट दिसू लागला. कळशीच्या गळ्याला पडलेला पोचा होता, कठड्यावर दोरानं झिजलेली खाच होती. कण बारीक, कडा स्वच्छ. त्याला जे वर्षभर साधायचं होतं ते त्याच्यासमोर टेबलावर पडलेलं होतं.

मग त्याची नजर चेहऱ्याकडे गेली. नेम चुकला असेल म्हणून त्यानं भिंग पुन्हा फिरवलं. बांगड्या विरघळल्या, चेहरा आला नाही. उलट फिरवलं. बांगड्या परत आल्या, चेहरा तसाच. एका डोळ्याच्या जागी दोन डोळे एकमेकांत मिसळले होते आणि ओठांच्या जागी एक पांढुरकी फरफट होती. खांद्याखालची विनी पुतळा झाली होती. मान तेवढी कोणाकडे तरी वळली होती.

विद्याधर स्टुलावर बसला. औषधाची चूक नव्हती. चूक त्याच्याही आधीची होती आणि ती शोधायला त्याला क्षणभरही लागला नाही. लग्नासाठी त्यानं मुद्दाम सगळ्यात मंद फिल्म घेतली होती, कारण तिचे कण सगळ्यात बारीक. मंद फिल्मला उजेड जास्त लागतो, म्हणून सावलीत त्यानं शटर सावकाश ठेवलं. तेवढ्या अवधीत विनीला मान वळवायला पुरेसा वेळ मिळाला. स्टुडिओवाल्याची स्वस्त, भरड फिल्म असती तर शटर झटकन मिटलं असतं आणि ती सापडली असती, गालभर रवा घेऊन. आणि चाचणी? चाचणीत त्यानं विहीर, वेळ, लुगडं सगळं तेच घेतलं होतं. मॉनिका हलणार नाही, हे त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं.

तरीही त्यानं कागद लावला, फोटो मोठा केला, धुतला. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. ट्रेमधल्या पाण्यात तरंगता कागद घेऊन तो अंगणात आला.

मॉनिका बघताच म्हणाली, "आय, ती हलली गं."

"दिसतंय मला," मावशी म्हणाल्या. त्या ट्रेशेजारी उकिडव्या बसल्या. पाणी हललं की विनीही हलत होती. पाणी थांबेपर्यंत मावशी थांबल्या. "बांगड्या माझ्या आहेत. मी दिलेल्या."

"मावशी, मी त्या दिवशी भलतीच फिल्म…"

"मी हाक मारलेली तिला," मावशी म्हणाल्या. "त्याच वेळेला. बँडवाले निघाले म्हणून."

कोंबड्या ट्रेजवळ आल्या, मॉनिकानं त्या हाकलल्या.

थोड्या वेळानं मावशींनी विचारलं, "हा लहान होतो?"

"होतो. किती लहान?"

"ती ओळखू येईल एवढा."

विद्याधर परत कोठीत गेला. पोस्टकार्डाएवढा केला, अजून दोन डोळे वेगळे होते. त्याच्या निम्म्याचा केला. मग आणखी लहान. जसजसा कागद लहान होत गेला, तसतशी ती फरफट आपल्याआपण आक्रसत गेली. तिकिटाहून जरा मोठा झाला तेव्हा डोळ्यांच्या जागी डोळे बसले आणि ओठ हसल्यासारखे दिसू लागले. त्यात कण नव्हते, रेघही पुसट नव्हती. तेवढ्या मापात काहीच दिसत नाही, ना गुण ना दोष. विनी दिसत होती.

मावशींनी तो हातात घेतला. त्यांचा चेहरा प्रथमच मोडला. "ही," त्या म्हणाल्या. "ही बघ गं, मॉनिका." आणि तो त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिला.

"मोठा मी फाडून टाकतो," विद्याधर म्हणाला.

"का? अल्फान्सोनं चौकट आणलीय. काय लावू त्यात?" मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "त्यांना हा लहान दाखवला तर काही दिसणार नाही. रिकामी भिंत त्यांना बरोबर दिसेल. मोठाच लाव."

महिन्याच्या मिस्सेला माणसं आली, प्रार्थना झाली, जेवणं झाली. चौकट भिंतीवर होती आणि तिच्या डोक्यावर मावशींनी मोगऱ्याची माळ घातली होती. बघणारे लांबून बघत, क्रुसाची खूण करत आणि नजर खाली वळवत. दुपारी घर रिकामं झाल्यावर ॲम्ब्रोजकाका म्हणाले, "आता काढा ती खाली. ओसरीवर आणा. मला बघू द्या."

विद्याधरनं चौकट उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवली. ऊन ओसरीवर तिरपं येत होतं. काकांनी भिंग काढलं आणि खालच्या काठापासून सुरुवात केली. वर्कशॉपात ते असंच करत असतील, काम हातात आलं की एका टोकापासून.

"पाय अनवाणी. चपला काढल्या वाटतं. हं, निऱ्या. चौकडा. अरे, दोरासुद्धा दिसतोय, अँजेलिना. बारीक काम केलंस रे, विद्याधर." भिंग वर सरकलं. "कळशी. हा पोचा माझ्या हातचा, पाडली होती मी. बांगड्या… एक, दोन, तीन… सगळ्या आहेत." भिंग खांद्यावरून गळ्यापाशी आलं, आणखी वर गेलं, आणि थांबलं.

त्यांनी भिंग जवळ घेतलं. लांब नेलं. चौकट उन्हाकडे वळवली. चष्मा काढला, परत घातला. विद्याधर त्यांच्या हाताकडे बघत होता. अँजेलिनामावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. मांडीवरचं प्रार्थनेचं पुस्तक त्यांनी मिटलेलं धरलं होतं.

"गेले," काका हळूच म्हणाले.

"काय गेले?"

"डोळे गं. आतापर्यंत दिसत होतं. तोंडापाशी आलो आणि गेले." त्यांनी भिंग उचलून बांगड्यांवर आणलं, मग पुन्हा चेहऱ्यावर. "इथं दिसतं, इथं नाही. डॉक्टर म्हणाला होता, मधलंपण जाईल. पण आजच?"

विद्याधरच्या तोंडून शब्द निघणार होता. काका, तुमचे डोळे शाबूत आहेत, एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं की दुसरंही सांगावं लागलं असतं. त्यानं मावशींकडे बघितलं. त्या उठून नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "हसतेय."

"तोंड मिटून?"

"नाही. दात दिसतायत. तो पुढचा वाकडा, तोपण."

"आणि बघतेय कुठं?"

"माझ्याकडे."

काकांनी मान हलवली. मग जिथं विद्याधर उभा असावा असं त्यांना वाटलं, त्या बाजूला तोंड केलं. "विद्याधर, तू सांग. तू काढलायस. आला ना नीट?"

ओसरीच्या कडेला मॉनिका खरकटी भांडी गोळा करत होती. तिनं हातातलं भांडं न वाजवता खाली ठेवलं.

"आला," विद्याधर म्हणाला.

काकांनी भिंग शर्टाच्या टोकाला पुसलं, चौकट उन्हात नीट धरली आणि खालच्या काठापासून पुन्हा सुरुवात केली.